गुन्हेपटातली दिव्यांग पात्रं: जालना–बीड पट्ट्यातल्या पटकथेसाठी नेमके तपशील हवेत

दुधना (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एका मराठी गुन्हेपटाची पटकथा दुसऱ्या खर्ड्यावर आहे. लांबी साधारण एक तास पन्नास मिनिटं, काळ २०२४ चा उन्हाळा, जागा जालन्याचा मोंढा आणि गेवराईकडची गावं. बोगस दिव्यांग प्रमाणपत्रं मिळवून देणाऱ्या एजंटाचा एका आडत दुकानात खून होतो. चार पात्रं दिव्यांग आहेत:

१. खून पाहिलेली विशीतली कर्णबधिर मुलगी. शाळेत कधीच गेलेली नाही.
२. आडतीला लागून किराणा दुकान चालवणारा जन्मांध माणूस. त्यानं मारेकऱ्याचा आवाज ऐकलाय.
३. कडबाकुट्टीत डावा हात गेलेला, पूर्वी ऊसतोड टोळ्या नेणारा मुकादम. पहिला संशयित.
४. जिल्हा रुग्णालयातला लिपिक, वय २३, पोलिओ. बनावट कागद हाच पकडतो.

ही पात्रं कींव यावी म्हणून नकोत आणि टाळ्या पडाव्यात म्हणूनही नकोत. दृश्य कुठं फसेल, कायद्यात काय आहे, चित्रीकरणात काय लागतं, तेवढं नेमकं सांगा.

सिंदफणा

दुधनाभाऊ, तुमची सगळ्यात मोठी सोन्याची खाण पहिल्या पात्रात आहे आणि बहुतेक पटकथाकार ती न खणताच पुढं जातात. चौकीत सांकेतिक भाषेची बाई येते, मुलगी भराभर हात हलवते, बाई भराभर सांगते, जबाब संपला. असं होत नाही.

जी मुलगी कधी मूकबधिर शाळेत गेली नाही तिला भारतीय सांकेतिक भाषा येत नसते. तिच्याकडं घरात तयार झालेल्या खुणा असतात. मिशीला पीळ दिला की अमका काका, कपाळावर आडवं बोट ओढलं की तमकी मावशी. या खुणा घराबाहेर कुणाला कळत नाहीत. प्रशिक्षित दुभाष्या आणला तरी तो अडतो. अशा वेळी चांगली पद्धत म्हणजे दोघं बसवायचे: एक स्वतः कर्णबधिर असलेला, खुणांवरून अर्थ काढण्यात मुरलेला माणूस, आणि दुसरा ऐकू येणारा दुभाष्या. पहिला तिच्या खुणा सांकेतिक भाषेत आणतो, दुसरा मराठीत. जिल्ह्याच्या ठिकाणी दुभाष्या म्हणून बहुधा मूकबधिर शाळेतले शिक्षकच बोलावले जातात.

आता कायदा. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, कलम १२५ (आधीच्या कायद्यात ११९): बोलू न शकणारा साक्षीदार लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकतो, ती खुल्या न्यायालयातच द्यायची, आणि ती तोंडी पुरावाच मानली जाते. दुभाष्या किंवा विशेष शिक्षकाची मदत घेणं आणि जबाबाचं चित्रीकरण करणं न्यायालयावर बंधनकारक आहे. शिवाय २०१२ च्या राजस्थान राज्य विरुद्ध दर्शन सिंग या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की दुभाष्या त्याच परिसरातला असावा, पण खटल्यात त्याचा हितसंबंध नसावा, आणि त्याला शपथ द्यावी. नुसता अर्थ टिपून भागत नाही, खुणांचीही नोंद हवी.

यातच तुमचा मध्यंतर आहे बगा. तिच्या खुणा पुऱ्या समजणारा गावात एकच माणूस आहे, तिचा सख्खा भाऊ. आणि भावाचा एजंटाशी पैशाचा व्यवहार आहे. आता तो सांगतोय ते तिचं की त्याचं? तपास करणाऱ्या फौजदार बाईंपुढं हा खरा पेच आहे. तो सुटतो तो जबाबाच्या चित्रफितीमुळं, कारण दुसरा जाणकार तीच खूण पुन्हा पाहून वेगळा अर्थ लावू शकतो.

अजून दोन गोष्टी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार दिव्यांग साक्षीदाराला राहत्या जागेखेरीज इतरत्र जबाबाला बोलावता येत नाही. स्वतःहून आली तर गोष्ट वेगळी. म्हणजे चौकीतला तो टेबलावरचा पिवळा दिवा विसरा, जबाब तिच्या घरी ओसरीवर होईल आणि अर्धी गल्ली दारात उभी असेल. आणि ओळखपरेड असेल तर कलम ५४ वाचा: ओळखणारी व्यक्ती दिव्यांग असेल तर परेड न्यायदंडाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, तिला सोयीच्या पद्धतीनं, आणि तिचंही चित्रीकरण. हे नवे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. तुमचा खून त्याआधीचा, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत फौजदार बाईंच्या तोंडी जुनी फौजदारी प्रक्रिया संहिताच हवी, कलम १६० आणि ५४अ. तरतुदी बहुतांशी त्याच आहेत.

मांजरा

सिंदफणा यांनी कथेचं सांगितलं, मी कॅमेऱ्याचं सांगते.

खुणांची चौकट कमरेपासून डोक्यावर वीतभर जागा सोडून. चेहरा कापला तर अर्थ कापला जातो, कारण भुवया वर गेल्या की प्रश्न, मान हलली की नकार. म्हणून खुणा चालू असताना फक्त हातांचा क्लोजअप घेऊ नका, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कट मारू नका. संकलकाला सांकेतिक भाषा येत नसेल तर जाणकार माणूस संकलनाच्या टेबलावर बसवावाच लागतो. नाहीतर "मारलं नाही" यातलं "नाही" कापलं जातं, कारण भारतीय सांकेतिक भाषेत नकार आणि प्रश्नशब्द वाक्याच्या शेवटी येतात.

कपडे हाताच्या रंगाहून वेगळे आणि एकरंगी. खिडकीकडं पाठ करून बसवलं तर हात काळे पडतात.

दुभाषे दोन ठेवा. वीस ते तीस मिनिटांनी बदलावं लागतं, एकटा माणूस दिवसभर चालत नाही, चुका वाढतात.

आता रहस्याच्या कामाचं: अंधारात कर्णबधिर माणसाचं बोलणं बंद पडतं. लोडशेडिंग झालं की ऐकणारे कुजबुजू शकतात, ती नाही. उलट बाजूनं, काचेपलीकडून, चालत्या एसटीच्या खिडकीतून, मोंढ्यातल्या हमालांच्या गोंगाटात ती बिनधास्त बोलू शकते. या दोन गोष्टींवर दोन दृश्यं उभी राहतात.

तिला हाक कशी मारायची? पाय आपटून, असं पुष्कळ चित्रपटांत दाखवतात. आपल्याकडच्या शहाबादी फरशीला तो हादरा जाणवत नाही. जुन्या वाड्यात माळवदावर असेल तर लाकडी तुळया-फळ्यांमुळं जाणवतो. नाहीतर बल्ब चालू-बंद करायचा, हात हलवायचा, किंवा जवळ जाऊन खांद्याला स्पर्श.

आणि कृपा करून तिला सीसीटीव्हीत ओठ वाचायला लावू नका. आरशापुढं उभं राहून आवाज न काढता पापा, बाबा, मामा म्हणून बघा. ओठ तिन्हीला सारखेच हलतात. क, ख, ग तर घशाजवळच होतात, दिसतही नाहीत. त्यात मिशी, तोंडात गुटखा, कॅमेरा वरच्या कोपऱ्यात. तीन शब्दसुद्धा हाती लागणार नाहीत.

खडकी

अंध दुकानदाराबद्दल.

पहिलं, "आंधळ्याचे कान तीक्ष्ण" हे विसरा. कान आपल्याएवढेच असतात, लक्ष जास्त असतं. फरक दिसतो तो सवयीच्या जागेत. दुकानाचं शटर अर्धं ओढलं की आतल्या आवाजाचा घुमारा बदलतो, ते त्याला कळेल. नवख्या गल्लीत मात्र तो तुमच्या-माझ्याइतकाच चाचपडेल. वर पत्र्यावर पाऊस पडत असेल तर त्याचा अर्धा नकाशा पुसला जातो. उन्हाळ्यातली कथा आहे, म्हणून वळवाचा एक जोरदार सडाका तपासात अडचण आणू शकतो.

आवाजावरून ओळख न्यायालयात टिकते का? टिकू शकते. २०२१ चा पाटण जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य हा निकाल पटकथेच्या शेजारी ठेवा. जन्मांध पीडितेनं आरोपीला आवाजावरून ओळखलं होतं, तो घरी येणारा-जाणारा होता, आणि न्यायालयानं स्पष्ट म्हटलं की दिव्यांग साक्षीदाराची साक्ष कमी दर्जाची धरता येणार नाही. इथं "ओळखीचा आवाज" ही अट तुमच्या कथेला आकार देते. मारेकरी त्याचं रोजचं गिऱ्हाईक हवा. एकदाच ऐकलेल्या आवाजावर खटला उभा केला तर बचाव पक्षाचा वकील दहा मिनिटांत मोडेल.

पैसे: चालू मालिकेतल्या १००, २०० आणि ५०० च्या नोटा रुंदीला सारख्याच, ६६ मिलिमीटर. लांबी मात्र १४२, १४६ आणि १५०. चार-चार मिलिमीटरचा फरक दोन बोटांच्या मध्ये नोट दुमडून मापतात. कडेला उठावाच्या रेषा असतात, १०० ला चार, २०० ला चार आणि मध्ये दोन वर्तुळं, ५०० ला पाच. कोऱ्या नोटेवर त्या बोटाला लागतात, मोंढ्यात फिरून मळलेल्या नोटेवर लागत नाहीत. म्हणजे "नोट हातात घेतली आणि खोटी ओळखली" हे दृश्य फक्त कोऱ्या बंडलाला शोभेल. मोबाइलवर रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं ॲप आहे, ते किंमत सांगतं, पण नोट खरी की खोटी ते सांगत नाही.

फोन: टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, चालू असतं. बोट उजवीकडं सरकवलं की पुढचा पर्याय वाचला जातो, दोनदा टिचकी मारली की उघडतो. वाचनाचा वेग सरावानं इतका वाढवलेला असतो की शेजाऱ्याला शब्द कळत नाही. पडदा काळा ठेवता येतो. हवालदाराला वाटेल फोन बंद आहे, आणि त्याच्यासमोरच दुकानदार संदेश ऐकतोय. खोटं काही न घालता ताण तयार होतो.

काठी: उभी धरली की छातीच्या हाडापर्यंत पोचेल एवढी. डावा पाय पुढं जाताना टोक उजवीकडं, उजवा पुढं जाताना डावीकडं. कमान खांद्यांपेक्षा किंचित रुंद. उन्हाळ्यात काळ्या रानातल्या भेगांत टोक अडकतं, पावसाळ्यात चिखल चिकटून जड होतं, म्हणून शेतातला पाठलाग काठीनं जमत नाही. सोबत्यानं त्याला दंडाला धरून ओढायचं नाही. त्यानं सोबत्याचा कोपराच्या वरचा भाग धरायचा आणि अर्धं पाऊल मागं चालायचं. नटाला हे येत नसेल तर पहिल्याच दृश्यात जाणकाराला कळतं.

बालाघाट

कडबाकुट्टीचं मी सांगतो, हे पात्र आपल्या मातीतलं आहे, त्याला नीट करा.

अपघात पात्यानं होतो असं लोक धरतात. सुरुवात रुळांपासून होते. पेंढी आत ओढणारे दोन दातेरी रूळ सदऱ्याची बाही, कडं, नाहीतर ओल्या कडब्याला धरलेली बोटं ओढून घेतात, पुढं चाकावरची पाती. मोटार बंद केली तरी जड चाक फिरत राहतं, म्हणून बटण दाबून हात वाचत नाही. जखम तिरकी असते. पेंढी सारणारा हात जातो, म्हणजे डावा गेला असेल तर हा डावखुरा होता का, किंवा कुट्टी उलट्या बाजूनं लावली होती का, हे ठरवून ठेवा. फौजदार बाई हे विचारील.

हात कुठून गेलाय त्यावर सगळं अवलंबून. कोपराखालून असेल तर अवयव बसवणं सोपं. शिबिरात मिळणारा दिसायला हातासारखा असतो, त्यानं काही धरता येत नाही. काम करणारा म्हणजे दोन बोटांचा आकडा, त्याची तार पाठीवरून पलीकडच्या खांद्याला जाते, खांदा पुढं रेटला की आकडा उघडतो. मे महिन्यात साच्यात घाम साठून कातडी सोलते, म्हणून घरी माणूस तो काढून ठेवतो.

आता संशय. मोटारसायकलचा क्लच डाव्या हातात, तेव्हा गिअरची गाडी बदल न करता तो चालवू शकत नाही. स्कूटीवर मागचा ब्रेक डावीकडं, तोही जातो. म्हणजे "मुकादम बुलेटवरून पळाला" असं साक्षीदार म्हणाला, तर साक्षीदार खोटा. मृतदेह घट्ट दुहेरी गाठीनं बांधलाय? एका हातानं गाठ मारणारा दुसरं टोक दातात धरतो, दोरीवर लाळ सापडेल. लाळ नसेल तर त्यानं बांधलेलं नाही. त्याला निर्दोष ठरवणारा पुरावा त्याच्या शरीरातूनच निघतो, कुणाच्या दयेतून नाही.

मुकादमाचा राग कशाचा हेही लिहा. उचल म्हणजे आगाऊ पैसे दिलेले कोयते, म्हणजे ऊसतोड जोड्या, पळाले, कारखान्याचा हिशेब अंगावर आला, हात गेल्यावर प्रमाणपत्रासाठी एजंटाकडं पैसे अडकले. एवढं पुरे आहे. हात गेला म्हणून माणूस वाईट झाला, हे मात्र कामून दाखवायचं?

आता पोलिओचा लिपिक. २३ वर्षं म्हणजे जन्म २००१. तोवर रुग्ण फार कमी झाले होते. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा, बंगालमधला. अशक्य नाही, पण प्रेक्षकाला खटकेल. वय ४० च्या पुढं न्या, किंवा कारण बदला. आपल्याकडं विहिरीत पडून, चिंचेवरून पडून पाठीचा कणा दुखावलेले तरुण आहेत. आणि पोलिओच ठेवला तर लक्षात असू द्या, पाय बारीक आणि लुळा असतो, स्पर्श मात्र पूर्ण कळतो. नट पाय ताठ करून थरथरवतात, तो मेंदूच्या पक्षाघाताचा प्रकार झाला.

दुधना

सगळ्यांचे मनापासून आभार. लिपिकाला कणा दुखावलेला आणि चाकाच्या खुर्चीवरचा करतो. एक शंका. शेवटाला असं योजलंय की टोळीचा म्होरक्या आंधळा असल्याचं सोंग करत होता आणि शेवटी चष्मा काढतो. विषय बोगस प्रमाणपत्राचाच असल्यानं हे बसतं असं वाटतं. की नको?

पूर्णामाय

दादा, नको. एसटीत सवलतीचं कार्ड दाखवणाऱ्या मुलीला आजही कंडक्टर वरून खाली बघतो. "दिसतंय की नीट" हे वाक्य कमी दृष्टीच्या माणसाला रोज ऐकावं लागतं. तुमचा शेवट त्या कंडक्टरला पुरावा देतो. अंध म्हणवणाऱ्या बहुसंख्य लोकांना थोडा उजेड, थोडा आकार दिसतोच, आणि सोंग उघडं पाडणारा प्रत्येक चित्रपट त्यांच्यावर उलटतो.

सोंग दाखवायचंच असेल तर कागदावर दाखवा, तिथं गुन्हा जास्त रंजक आहे. बोगसगिरी ऐकण्याच्या प्रकारात का सोपी, बघा. साध्या श्रवणचाचणीत आवाज आला की बटण दाबायचं असतं. माणूस दाबतच नाही, झाला बहिरा. बेरा चाचणीत मात्र डोक्याला इलेक्ट्रोड लावून कानात आवाज देतात आणि मज्जातंतूंचा प्रतिसाद यंत्र स्वतः टिपतं, माणसाच्या हातात काही राहत नाही. तुमच्या लिपिकाला एवढंच दिसायला हवं: एकाच महिन्यातल्या बऱ्याच फायलींत बेराचा आलेख जोडलाय, आणि तो एकच आलेख आहे. नावं वेगळी, लाटा तंतोतंत त्याच. दोन आलेख खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले की झालं. प्रेक्षक जागेवरून उठेल.

१ जून २०२१ पासून प्रमाणपत्र फक्त यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी संकेतस्थळावरूनच निघतं, म्हणून जुन्या फायलींना जास्त भाव. कार्डाचा रंग टक्केवारीप्रमाणं: ४० च्या खाली पांढरा, ४० पासून ८० च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा. खोटेपणानं लाभ घेण्याला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९१: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्होरक्या धडधाकट, पांढरपेशा, सगळ्या गावाचा "सर" असू द्या.

मांजरा

पूर्णामायताई, सोंगाबद्दल सहमत. पण दिव्यांग माणूस खलनायक नसावाच, असा नियम करू नका. चारही दिव्यांग सज्जन आणि सगळे धडधाकट लबाड, हाही साचाच. किराणावाला पैसे घेऊन सुरुवातीला गप्प बसला, तर तो माणूस वाटेल.

पूर्णामाय

मान्य. अट एकच, त्याच्या लबाडीचं कारण डोळे नसावेत. तो गप्प बसतो कारण आडतदाराकडं त्याची उधारी आहे.

गिरिजा

धाग्याचा विषय दिव्यांग पात्रांचा आहे, पण साच्यांवरून आणखी एक. दुसऱ्या खर्ड्यात "पारधी वस्तीवर छापा" असं दृश्य असण्याची दाट शक्यता आहे, मराठवाड्यातल्या गुन्हेकथांत ते आपोआप येतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मावरून गुन्हेगार ठरवलेल्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ ला विमुक्त झाल्या. तरी चोरी झाली की पहिली गाडी त्यांच्याच पालावर जाते. छापा दाखवायचा असेल तर तो तपासाची चूक म्हणून दाखवा आणि त्या चुकीमुळं पोलिसांचे किती दिवस वाया गेले, मारेकऱ्यानं तेवढ्यात काय पुसलं, हे कथेत मोजा.

भाषाही बघा. जालन्याच्या मोंढ्यात हमाल, आडते, ट्रकवाले सगळे एकाच मराठीत बोलत नाहीत. दखनी कानावर पडते, तांड्यावर बंजारा समाजाची गोरमाटी. दखनी बोलणारा फक्त गुंड आणि प्रमाण मराठी बोलणारी फक्त फौजदार, अशी वाटणी टाळा.

सिंदफणा

संवादांतल्या टोपणनावांवरून पुढं वाद होईल म्हणून आत्ताच. ८ जुलै २०२४ ला निपुण मल्होत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं दृश्यमाध्यमांतल्या दिव्यांग चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं दिली: हिणवणारे शब्द टाळा, आजाराची वैद्यकीय माहिती तपासून घ्या, दिव्यांगांना निर्मितीत सामील करा. हिणवणारा विनोद आणि समज वाढवणारा विनोद यांत न्यायालयानं फरक केलाय. गावात मुकादमाला "थोट्या" म्हणतात, हे वास्तव आहे. पात्रानं म्हणावं, पण त्या वेळी पार्श्वसंगीत हसू नये, आणि मुकादमाला उत्तर द्यायला एक ओळ असावी.

बालाघाट

नट निवडताना चौघांपैकी किमान मुलगी आणि लिपिक खरेच दिव्यांग घ्या. मुलीसाठी तर दुसरा मार्ग नाही, महिनाभराच्या शिकवणीत खुणांना लय येत नाही. जाहिरात लेखी आणि खुणांच्या चित्रफितीत, दोन्ही द्या, नाहीतर ज्यांना हवी त्यांच्यापर्यंत ती पोचणारच नाही.

सेटवरचं गणित. उतार १ ला १२. पायरी १५ सेंटिमीटर असेल तर उताराची लांबी १.८ मीटर. वाड्याचा ओटा ४५ सेंटिमीटर असेल तर ५.४ मीटर, तेवढी जागा गल्लीत मिळत नाही. म्हणून जागा निवडतानाच टेप लावा. दार ९० सेंटिमीटर, खुर्ची वळायला १.५ मीटर मोकळं. शौचालय आधी बघा, दृश्य नंतर.

उन्हाचं मात्र हलक्यात घेऊ नका. कण्याची इजा छातीच्या वरच्या भागात असेल तर इजेखाली घामच येत नाही, अंग थंड होत नाही. मे महिन्यात ४२-४३ अंशांत बाहेरचं दृश्य लावलं तर तो अर्ध्या तासात उष्माघाताकडं जाईल. बाहेरची कामं सकाळी दहाच्या आत, सावली, ओले टॉवेल, पाण्याचा फवारा. खुर्चीच्या लोखंडी कड्या तापून हात भाजतात. बसल्या जागी पंधरा ते तीस मिनिटांनी अंग उचलून दाब मोकळा करावा लागतो, नाहीतर व्रण होतो आणि तो महिनोन्महिने भरत नाही. दर चार ते सहा तासांनी लघवीसाठी कॅथेटर (नळी), तेव्हा वेळापत्रकात तो अवकाश छापील असू द्या, नटाला दर वेळी मागायला लावू नका.

दुधना

म्होरक्याचा शेवट बदलला, आलेखांचं दृश्य घेतोय. शेवटचा प्रश्न: हा चित्रपट अंध आणि कर्णबधिर प्रेक्षकांनाही बघता यावा, त्यासाठी आत्ता लेखनातच काय करायचं?

खडकी

ध्वनिवर्णनासाठी, म्हणजे अंध प्रेक्षकाला पडद्यावरची कृती सांगणाऱ्या आवाजासाठी, संवादांच्या मध्ये जागा लागते. महत्त्वाची नि:शब्द कृती असेल तिथं तीन-चार सेकंद मोकळे ठेवा, त्यावर मोठं संगीत टाकू नका. आलेखांचं दृश्य तर पूर्ण डोळ्यांचं आहे. लिपिक तिथं तोंडातल्या तोंडात एखादा आकडा पुटपुटला तरी अंध प्रेक्षकाला सुगावा लागतो. पडद्यावर उमटणाऱ्या मथळ्यांत (सबटायटल्समध्ये) संवादांबरोबर आवाजही लिहा: शटर ओढल्याचा आवाज, बाहेर हमालांची हाक. ओळीत ३५-४० अक्षरं, एका वेळी दोनच ओळी, आणि खुणांवरचे मथळे हात झाकतील असे छातीवर ठेवू नका, खाली ठेवा.

मुलीच्या नजरेतून दृश्य असेल तेव्हा आवाज पूर्ण बंद करू नका. ट्रकच्या इंजिनाची घरघर, शटरचा हादरा, असे खालच्या पट्टीतले आवाज ठेवा. बहुतेकांना थोडंफार ऐकू येतं आणि कंपनं तर सगळ्यांनाच जाणवतात.

केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या मार्च २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एकापेक्षा जास्त भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटाला दोन्ही गटांसाठी प्रत्येकी किमान एक सोय द्यावी लागते. तुम्ही हिंदी डबिंग करणार असाल तर हा खर्च अंदाजपत्रकात आजच धरा. ध्वनिवर्णनाचा मसुदा अंध माणसाकडून ऐकून तपासून घ्या, आणि तो मारेकऱ्याचं नाव आधीच सांगून टाकत नाही ना, ते बघा.

मांजरा

दुधनाभाऊ, तिसरा खर्डा झाला की ओसरीवरच्या जबाबाचं दृश्य इथं टाका. खुणांच्या जागी "ती हातवारे करते" एवढंच लिहू नका, प्रत्येक खूण कशी दिसते ते लिहा: कुठला हात, कुठं, किती वेळा. भाऊ अर्थ कुठं बदलतो ते त्याच ओळीसमोर दुसऱ्या रकान्यात. त्यावरून शॉट पाडून देते.